भाऊ, चालवून दाखव ना!

जगभरची शेतीयंत्रं एका मैदानात गोळा करायची कल्पना कुणाला सुचावी? अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावच्या माणसाला! डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषी खातं सांभाळत असताना त्यांच्या भारत कृषक समाजानं दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. ११ डिसेंबर १९५९ला ते सुरू झालं, तेव्हा खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर हजर होते. पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८चा. त्यांच्या नावाचं अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९मध्ये सुरू झालं आणि त्याचं ‘अ‍ॅग्रोटेक’ प्रदर्शन त्यांच्या जन्मतारखेच्या आसपास भरतं. अमरावतीतही सायन्सकोर मैदानावर अशा प्रदर्शनांचे मांडव पडतात. तर राजेहो, पिशवीभर पत्रकं घेऊन घरी येण्यापलीकडे तिथं काय काय साधता येतं, ते बघू.

कोपऱ्यातला स्टॉल सोडू नका. १८७६मध्ये फिलाडेल्फियाच्या महाप्रदर्शनात बेल यांचा टेलिफोन शिक्षण विभागाच्या एका कोपऱ्यात पडून होता. उकाड्यानं वैतागलेले परीक्षक त्या दिवसाचं काम आटोपतच होते. इतक्यात ब्राझीलच्या बादशहानं बेल यांना ओळखलं. बॉस्टनमध्ये बहिऱ्या मुलांना शिकवणारे मास्तर म्हणून त्याला ते माहीत होते. बादशहा यंत्राकडे वळला, परीक्षकही मागोमाग आले आणि तारेतून माणूस बोलतो हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आपल्याकडे कोपऱ्यात बहुधा एखादा बचत गट असतो, नाहीतर घरच्या वर्कशॉपमध्ये डवरणी यंत्र जोडून आणलेला पोट्टा. त्याच्या यंत्राला रंग धड नसतो, पण नट-बोल्टपासून सगळ्याची उत्तरं त्याच्याकडे असतात. मधल्या झगमगीत स्टॉलवर मात्र ‘साहेब जेवायला गेले’ हेच ऐकायला मिळतं.

पहिला दिवस उद्घाटनाचा, म्हणजे भाषणांचा आणि हारतुऱ्यांचा. शेवटच्या दुपारी खोकी बांधायला सुरुवात होते. निवांत बोलायचं असेल तर मधल्या दिवशी सकाळी जा. शास्त्रज्ञ मोकळे असतात, आवाजही बसलेला नसतो.

आता तुरीकडे येऊ. वऱ्हाडात तूर घरची आणि अकोल्यात डाळमिल पावलोपावली. विद्यापीठानं बनवलेली ‘पीकेव्ही मिनी डाळमिल’ बचत गटांमध्ये चांगलीच ओळखीची आहे. अशी छोटी यंत्रं स्टॉलवर सटासट पिवळीधमक डाळ पाडतात आणि गर्दी खूश होते. पण तुरीचं साल डिंकानं घट्ट चिकटलेलं असतं. दाण्याला ओरखडे पाडून, तेल-पाणी लावून, उन्हात वाळवल्याशिवाय ते सहजी सुटत नाही. स्टॉलवरच्या टोपल्यातली तूर हे सगळे सोपस्कार करूनच आलेली असते! म्हणून पायलीभर तूर घरून न्या आणि म्हणा, “भाऊ, ही टाकून चालवून दाखव ना.” डाळ किती पडली, चुरी किती झाली, तेल किती लागलं, वाळवणाला किती दिवस धरायचे, हे सगळं तिथंच विचारा. यंत्राच्या किमतीआधी हे प्रश्न. खरा जाणकार विक्रेता अशा गिऱ्हाइकावर खूश होतो. जो चिडला, त्याचं पत्रक परत करावं.

ड्रोनभोवती सगळ्यात मोठा घोळका. दहा लिटरच्या टाकीत साधारण एकरभर फवारणी उरकते, हे खरं. मात्र फवारणीचा ड्रोन एका बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटंच टिकतो. तेव्हा बॅटरीचे जोड किती देणार आणि शेतात लाइन नसेल तर चार्जिंग कशावर करायचं, हे दोन प्रश्न तो हवेत जाण्याआधीच विचारून घ्यावेत. वर गेल्यावर सगळे मोबाइल काढतात, मग कोण ऐकतो!

ट्रॅक्टरवाला एचपीचा आकडा छातीठोकपणे सांगतो. तो असतो इंजिनाचा. रोटाव्हेटर फिरतो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथं पोचणारी ताकद त्याहून कमी असते. तो दुसरा आकडा मागा. खातरजमा करायला नर्मदेकाठचं बुदनी आहे. तिथली केंद्र सरकारची संस्था यंत्रं तपासते आणि तिचा अहवाल मागितला तर कोणाला राग यायचं कारण नाही. अमेरिकेत नेब्रास्का राज्यानं १९१९मध्ये विक्रीआधी ट्रॅक्टर तपासण्याचा कायदाच केला. त्यासाठी धडपडणारा आमदार स्वतः शेतकरी होता आणि भंगार ट्रॅक्टरांनी पोळलेला होता. शेतकऱ्याची फसवणूक रोखण्यात वऱ्हाडही मागे नाही. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६चा, आपल्या कारंजा लाडचा.

आणखी एक, जे कुठल्याच पत्रकात नसतं. लंडनच्या १८५१च्या प्रदर्शनात एका पेनीत स्वच्छतागृहाची सोय होती आणि ८,२७,२८० जणांनी ती पेनी मोजली. पावणेदोनशे वर्षं झाली तरी आत शिरताना बायामाणसांना आधी हीच सोय हेरून ठेवावी लागते. आयोजकहो, ऐकताय ना?

पोटाची सोय मात्र झकास असते. बचत गटांच्या स्टॉलवर झुणका-भाकर आणि ठेचा मिळतो. तेवढ्यानं भागत नसेल, तर चांदूर बाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा याच दिवसांत रंगात आलेली असते. तिथले रोडगे आणि मातीच्या हंडीतलं मटण खाऊन कोणी ट्रॅक्टरची चर्चा केल्याचं ऐकिवात नाही.

ज्यांना यंत्रापेक्षा पीक बघायचंय, त्यांनी डिसेंबरची वाट कशाला पाहावी? अकोला विद्यापीठाची शिवारफेरी खरीप उभा असतानाच निघते. तिथं वाण पत्रकावर नाही, मातीत उभे दिसतात. पाटीवर ‘एकेएच’ दिसलं तर कपाशी अकोल्याची आणि ‘एएमएस’ दिसलं तर सोयाबीन अमरावतीच्या संशोधन केंद्राचं. पाटीचा आणि झाडाचा एकाच चौकटीत फोटो काढा, नाहीतर घरी आल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात.

स्टॉलवर यंत्र पसंत पडलं, हात खिशाकडे गेला, की जरा थांबा. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज आणि पूर्वसंमती आधी, खरेदी नंतर. उलटं केलं तर अनुदान मिळत नाही. “कागदं मागाहून करून देतो” म्हणणाऱ्याला चहा पाजा, बयाणा देऊ नका.