ओरखडा दिसला की मशीन नको, आधी नख फिरवा



गणपतीच्या आधीचे दोन महिने आमच्या जोहे-हमरापूर भागात गाड्यांची रीघ लागते. मुंबई, ठाणे, पुण्याकडचे व्यापारी आणि मंडळांची माणसं मूर्ती बघायला येतात आणि गाडी कारखान्याच्या शेडबाहेरच लावतात. आत स्प्रेगन चालू, बाहेर पीओपीची धूळ, वरून पाऊस. येताना महामार्गावरचं डांबर आणि खडी लागलेली असते ती वेगळीच. परत निघताना मालक बॉनेटवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "अरे, हे काय झालं?" मग तो वॉशिंग सेंटर शोधतो.

तुमचं सेंटर असेल, तर हा माणूस तुमच्यासाठी चांगलं गिऱ्हाईक आहे. पण नुकसान होतं तेही इथेच. माझं झालंय, म्हणून आधी तेच सांगतो.

माझी चूक

दुकान सुरू केलं त्या पहिल्या वर्षी एक लाल गाडी आली. बॉनेटवर बारीक ओरखडे होते. मी न बघता बफिंग मशीन लावलं आणि कडेपाशी जरा जास्त वेळ दाबून धरलं. पॅड उचललं तर कडेला रंग उडून खालचा प्रायमर दिसत होता! अख्खं बॉनेट माझ्या खर्चाने रंगवून दिलं. त्या महिन्याचा नफा गेला आणि ते गिऱ्हाईकही परत आलं नाही. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण खरं कॉस्टिंग त्या दिवशी कळलं.

मुळात गाडीचा रंग म्हणजे काय?

पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. कडांवर तो आणखी पातळ असतो.

आता पॉलिश किंवा कंपाउंड काय करतं? ओरखडा भरत नाही, तर आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या पातळीला आणतं. घासलेला क्लिअर कोट परत येत नाही. आमच्याकडे मूर्तीच्या रंगात चूक झाली तर कारागीर वरून दुसरा हात देतो. गाडीत तो दुसरा हात म्हणजे थेट डेंटिंग-पेंटिंगचं बिल.

तीन तपासण्या, दोन मिनिटं

आधी गाडी भरपूर पाण्याने आणि शाम्पूने धुवा. धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, नाहीतर बारीक रेघा तुम्हीच पाडाल. मग,

1. बोट फिरवा. खरखरीत, वर आलेलं लागलं तर ती घाण आहे, ओरखडा नाही.
2. ओरखड्यावर पाणी टाका. ओला असताना दिसेनासा झाला, तर तो वरच्या थरातच आहे. पॉलिशने बराच जाईल.
3. नख आडवं फिरवा. नख अडकलं, तर ओरखडा खोल आहे. मशीन बाजूला ठेवा.

चिकटलेली घाण कशी काढायची?

नियम एकच. सगळ्यात मवाळ उपाय आधी.

- पीओपीचे शिंतोडे: ओलं फडकं ठेवून भिजू द्या, मग प्लास्टिकच्या कार्डाने हलकेच उचला. सुकं खरवडू नका, त्यात वाळूचा कण असतो.
- स्प्रेचा रंग: पाण्याचा रंग असेल तर शाम्पूने जातो. ऑइल पेंट किंवा वार्निशचा तुषार असेल तर क्ले बार वापरा. पृष्ठभाग सतत ओला ठेवा, दाब देऊ नका. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्या, धुऊन वापरू नका.
- डांबर: टार रिमूव्हर लावा. नसेल तर खोबरेल तेल लावून थोडा वेळ थांबा. डांबर मऊ पडतं, मग पुसा आणि शाम्पूने तेल काढा. थिनर नको. बाहेर रंगवलेल्या पॅनलचा रंगच उचलून येऊ शकतो.
- पक्ष्यांची विष्ठा: ओलं फडकं ठेवून भिजवा आणि उचला. त्याच दिवशी काढा, कारण ती आम्लधर्मी असते आणि उन्हात क्लिअर कोटवर कायमचा डाग पाडते.
- दुसऱ्या गाडीचा लागलेला रंग: बंपरवर पांढरा पट्टा दिसला की लोक घाबरतात. बऱ्याचदा तो नुसता वर चिकटलेला असतो. हाताने थोडं पॉलिश लावून बघा.

टूथपेस्ट आणि भांड्याचा स्क्रबर दोन्ही विसरा.

आणि ओरखड्याचं?

पाण्यात दिसेनासा होणारा ओरखडा असेल, तर आधी वीतभर जागेवर हाताने, सौम्य पॉलिशने करून बघा. पुरेसं झालं तर तिथेच थांबा. मशीन लावायचंच असेल तर कडांवर मास्किंग टेप लावा आणि पॅड एका जागी थांबवू नका.

नख अडकतं, पण पत्रा दिसत नाही? तिथे टच-अप. रंगाचा कोड दरवाज्याच्या चौकटीवर किंवा इंजिनाच्या बाजूला स्टिकरवर बहुधा सापडतो. पातळ दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात सुकू द्या.

पत्रा दिसतोय? मग हे काम आजचं आहे. आपल्याकडची खारी हवा आणि पाऊस पत्र्याला सोडत नाहीत. जागा सुकवा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा, प्रायमर लावा, मगच रंग आणि क्लिअर. बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला गंजाची घाई नाही. हे गिऱ्हाइकाला सांगा, त्याचे पैसे वाचतील.

आता धंद्याचं बोलू

गाडी घेतानाच मालकासमोर तिन्ही तपासण्या करा आणि मोबाइलवर फोटो काढा. मग स्पष्ट सांगा, "साहेब, हे चार जातील, हे दोन फिके होतील, हा एक जाणार नाही." दर ओरखड्यांच्या संख्येवर लावू नका, वेळेवर लावा. समजा, कामाला तीन तास लागणार, तर तीन तासांची मजुरी, पॅड-कंपाउंडचा खर्च आणि वर तुमचा नफा.

"हा जाणार नाही" म्हणताना सुरुवातीला जीभ अडखळते. वाटतं, गिऱ्हाईक गेलं. काही जातातही. पण ज्याला तुम्ही खरं सांगितलं, तो पुढच्या वर्षी मूर्ती न्यायला येताना गाडी तुमच्याकडेच लावतो आणि सोबत मित्राचीही आणतो. माझं आजचं निम्मं काम असंच आलेलं आहे.

तर उद्या पहिली गाडी आली की मशीनचं बटण दाबण्याआधी नख फिरवा. बाकीचं प्रात्यक्षिक व्हिडिओत दाखवलंय, नक्की बघा. भेटू पुढच्या भागात!