हरल्यावर पटापाशी बसायला शिकवा

दहावीच्या निकालाच्या आठवड्यात अपघात विभागात रात्रपाळी लागली की आम्हा सिस्टर लोकांच्या पोटात गोळा यायचा. नापास झाल्यावर जीव द्यायला निघालेली पोरं यायची. शुद्धीवर आल्यावर कितीतरी जण एकच सांगायचे, "सिस्टर, त्या वेळी काही सुचलंच नाही." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. म्हणूनच आरोग्याच्या पानावर आज बुद्धिबळाविषयी लिहिते आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बुद्धिबळाने मार्क वाढतात, असे सांगून फी घेणारे क्लास निघालेत. इंग्लंडमध्ये सुमारे १०० शाळांतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर हे तपासून पाहिले. २०१६ च्या अहवालानुसार, शिकवणी संपल्यावर वर्षभराने बुद्धिबळ शिकलेली मुले गणितात इतरांच्या पुढे गेलेली दिसली नाहीत. तेव्हा मार्कांसाठी पट आणू नका.

मग कशासाठी? स्पर्धेत एक नियम असतो : खेळायच्या हेतूने ज्या मोहऱ्याला हात लावला, तेच हलवावे लागते. नंतर विचार बदलला म्हणून सुटका नाही. आमच्या वस्तीतली पोरे पहिला महिनाभर यावरूनच भांडली. नंतर काही जण हात मांडीखाली दाबून बसू लागले! आधी डोळ्यांनी पाहायचे, समोरचा काय करील ते मनात आणायचे, मगच हात उचलायचा. रागाच्या भरात, मित्राने गुटख्याची पुडी पुढे केल्यावर, हाच एक क्षण हवा असतो. खेळातली सवय तिथे आपोआप येत नाही. ते आपल्याला बोलून दाखवावे लागते.

दुसरे हरण्याचे. सापशिडीत फाशाला दोष देता येतो, पत्त्यांत पानांना. इथे दोघांकडे सारखी सोळा मोहरी, सगळे उघड्यावर. त्यामुळे हार फार झोंबते. एक मुलगा पट उधळून निघून गेला, तर त्याच्या बापाने चारचौघांत "डोकंच नाही याला" म्हटले. असे बोलायचे असेल तर खेळ न शिकवलेला बरा. हरल्यावर हात मिळवायचा, पाणी प्यायचे आणि त्याच पटावर चाली परत मांडून पाहायच्या. कुठे बिघडले? स्पर्धेतले खेळाडू प्रत्येक चाल लिहितात ती याचसाठी उपयोगी पडते. आम्ही केसपेपरवर ताप लिहायचो तसेच हे. पेशंटला नावे ठेवून ताप उतरत नाही, तो कधी चढला ते पाहावे लागते.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला आणि वस्तीतल्या मुलींनाही या खेळाचे नाव कळले. मला मात्र युगांडातली कात्वे जवळची वाटते. कंपालातली ती झोपडपट्टी. तिथे रॉबर्ट काटेंडे यांनी २००४ च्या सुमारास मुलांना बुद्धिबळ शिकवायला घेतले. सोबत पेज मिळायची. फिओना मुटेसी भावाच्या मागे गेली ती भुकेपोटी. तिला चाली शिकवल्या तिच्याहून लहान मुलीने. २०१२ मध्ये इस्तंबूलच्या ऑलिम्पियाडमधून ती महिला कँडिडेट मास्टर होऊन परतली. प्रत्येक पोर फिओना होणार नाही, पण पेज आणि लहानग्या गुरूची गोष्ट आपण उचलू शकतो.

विहाराच्या सतरंजीवर दोन पट पुरतात. सुरुवात फक्त प्याद्यांनी करा. आठ-आठ प्यादी, ज्याचे आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. वेळ पाणी भरण्याची ठेवू नका, नाहीतर मुली येणारच नाहीत. शिकलेल्या मुलीला शिकवायला बसवा. पैज लावू देऊ नका, चहाचीसुद्धा.

आणि एखादे पोर दोन आठवडे गप्प असेल, झोपत-जेवत नसेल, मरणाचे बोलत असेल, तर त्याला पटापाशी बसवून भागणार नाही. एकटे सोडू नका, सरकारी दवाखान्यात न्या. टेली मानसचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.