हौद राहिला की!

गेली बारा वर्षं मी एकच धरण रंगवतो आहे. पावसाळ्यात पुणेकर खडकवासल्याला जातात ते भाजलेली कणसं आणि खेकडाभजी खायला. मी जलरंगांची पेटी घेऊन धरणाच्या खालच्या अंगाला बसतो. भजी खातोच, ते वेगळं.

पहिल्या बऱ्यापैकी चित्राखाली मी ऐटीत लिहिलं होतं, 'विश्वेश्वरय्यांचे दरवाजे'. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांनी चष्मा वर सरकवला. "हे वक्र दरवाजे अलीकडचे. त्यांचे कुठे आहेत?" म्हणजे इतकी वर्षं मी भलतंच काही रंगवत होतो!

धरणाची जन्मकथा वाचकांना ठाऊक असते : इंग्रज अभियंता कर्नल फाईफ, १८७० चं दशक, पुण्याला पाणी, मुठा कालवे. तलावाला फाईफसाहेबाचं नाव दिलं, ते कागदावरच राहिलं. मला गुंतवलं ते सांडव्यानं. दर पावसाळ्यात त्यावरून पुराचं पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई यायची. भिंत उंचवावी, तर जुन्या दगडी बांधकामावर भार वाढणार. पुण्यातच अभियांत्रिकी शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता १९०३ मध्ये सांडव्याच्या माथ्यावर दरवाजे बसवले.

त्यांची युक्ती आडातून पाणी शेंदलेल्या कुणालाही कळेल. कळशी पाण्यात असते तोवर हलकी, बाहेर आली की जड. दरवाजे एका अवजड वजनाला जोडलेले आणि ते वजन हौदात टांगलेलं. तलाव ठरलेल्या पातळीवर चढला की पाणी हौदात शिरतं, वजन हलकं होतं आणि दरवाजे आपल्याच भारानं खाली उतरतात. पूर वरून निघून जातो. पाणी ओसरलं, हौद रिता झाला, की वजन पुन्हा जड आणि दरवाजे वर. रात्री-अपरात्री कुणाला धावायला नको. साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. त्यांनी पेटंट घेतलं, पण मानधन नाकारलं. सरकारी चाकरीत केलेल्या कामाचे वेगळे पैसे कसले, असा त्यांचा हिशेब. हीच युक्ती पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावर गेली.

मग १२ जुलै १९६१. सकाळी वरच्या अंगाच्या पानशेत धरणाचा नवा मातीचा बांध फुटला, तो लोंढा खडकवासल्यावर आला, भिंतीवरून वाहू लागला आणि काही तासांनी भिंतही खचली. इंग्रजांचं ते पक्कं, आपलं ते कच्चं, हा पुणेरी निवाडा मला पटत नाही. ज्या दगडाचे गोडवे गातो तोही अखेर गेलाच. अख्खं दुसरं धरण अंगावर येईल, हे कुठल्या नकाशात धरलेलं असतं? आणि तो दगड फोडून, चढवून रचला होता इथल्याच मजुरांनी. त्यांची नावं मला एकाही नकाशावर दिसली नाहीत.

त्या दिवशी शंभरीच्या आसपासचे विश्वेश्वरय्या हयात होते. पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले. ही दोन सालं शेजारी लिहून मी बराच वेळ नुसता बसलो होतो.

यंदाच्या चित्रात वक्र दरवाजे पेन्सिलीतच ठेवलेत. सांडव्यावर जुने दरवाजे काढले, अर्धे उतरलेले, वरून मातकट पाणी. त्या रंगासाठी तीन कागद फुकट गेले. स्नेह्यांना दाखवलं. त्यांनी पुन्हा चष्मा वर सरकवला.

"छान. पण हौद राहिला की!"