गजाआडचा माणूस आणि घरचा धागा

माणूस तुरुंगात गेला की शिक्षा एकट्या त्यालाच होत नाही, ती सबंध घराला होते. आपल्या मालवण किनाऱ्यावरच्या वाड्यांतून तर असे घर एकदम गप्प होते. कोणी चौकशी केलीच तर "मुंबयक आसा" असे सांगून वेळ मारून नेली जाते. पुढे भेटीला जाणे थांबते, मग पत्रही थांबते. हा धागा तुटू का देऊ नये आणि तो कसा राखावा, याची थोडी माहिती आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. तुरुंगात गेल्याने माणसाचे सारे हक्क संपत नाहीत. स्थानबद्ध झालेले प्रभाकर संझगिरी यांनी मुंबईच्या तुरुंगात 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठविण्यास सरकारने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1965 साली निकाल संझगिरींच्या बाजूने लागला. पुढे 1981 साली फ्रान्सिस कोरॅली मुलीन खटल्यात याच न्यायालयाने सांगितले की, कुटुंबीयांना भेटणे हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. त्या स्थानबद्ध स्त्रीला आपल्या लहान मुलीला महिन्यातून एकदाच भेटता येत होते. ती अट न्यायालयाने रद्द ठरविली. म्हणजे भेट ही तुरुंगाधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे. तिला नियम असतात, पण मुळात तो हक्क आहे.

पत्राचे बळ किती असते, याचे उदाहरण आपल्याला दूर शोधावे लागत नाही. मालवणचा भाग ज्यात मोडत असे, त्या राजापूर मतदारसंघाचे खासदार प्रा. मधू दंडवते यांना आणीबाणीत, 1975 साली, बंगळूर येथे अटक झाली. ते बंगळूरच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाताई पुण्याच्या येरवड्यात. दोघेही गजाआड, मध्ये शेकडो मैल आणि प्रत्येक पत्रावर अधिकाऱ्यांची नजर. तरीही सुमारे दीड वर्ष त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला. ते राजकीय कैदी होते, त्यांना लोकांचा मान होता, हे खरे. पण पत्राची वाट पाहणे सर्व कैद्यांचे सारखेच असते.

आता व्यवहाराचे पाहू. आपल्या जिल्ह्यातील माणूस खटला चालू असताना सावंतवाडी किंवा ओरोसच्या कारागृहात असू शकतो. मोठी शिक्षा झाली की बहुधा कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात रवानगी होते. मालवणहून घाट चढून सुमारे दीडशे किलोमीटर जायचे, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली आणि एस.टी.चे भाडे वेगळे. म्हणून निघण्यापूर्वी भेटीचा वार, वेळ व लागणारी कागदपत्रे यांची चौकशी करावी. ओळखपत्र जवळ ठेवावे. 2020 साली करोनामुळे प्रत्यक्ष भेटी थांबल्या, तेव्हा व्हिडिओ कॉलवरून भेटीची सोय झाली. अशी सोय मिळते का, हेही विचारावे. लहान मुलांना आई-वडिलांच्या कुशीत जाता यावे म्हणून राज्यातील कारागृहांतून 'गळाभेट' कार्यक्रम झाले आहेत. त्याची माहिती तुरुंगाधिकाऱ्यांकडे मिळते.

पत्र अधिकारी वाचतात, म्हणून खटल्याचा तपशील त्यात लिहू नये. तो वकिलाशी बोलावा. घरचे साधे लिहावे : नातू शाळेत जाऊ लागला, माडाला किती नारळ लागले, यंदा पाऊस कसा झाला. पैसे पाठवायचे असले तर मनीऑर्डर करता येते. जुन्या मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली निरोपाला दोन बोटे जागा असे. पैशापेक्षा त्या दोन ओळींचीच वाट पाहिली जात असणार, असे बँकेत रोज फॉर्म हाताळणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला वाटते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. 1987 च्या कायद्याने कोठडीतील व्यक्तीला, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना व स्त्रियांना मोफत कायदेविषयक मदतीचा हक्क दिला आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला काही काळ घरी येण्यासाठी 'फर्लो' म्हणजे संचित रजा मिळू शकते. 1959 च्या फर्लो व पॅरोल नियमांनी त्यासाठी एक अट घातली : त्याला घरी ठेवून घेण्यास तयार असलेला व जामीन राहणारा नातेवाईक हवा. म्हणजे घराने दार लावले की रजेचेही दार लागते. लाजेपोटी पाळलेले मौन असे प्रत्यक्ष शिक्षेत भर घालते.

गुन्ह्याची शिक्षा न्यायालय देते, त्यात आपण भर घालण्याचे कारण नाही. ज्याच्यामुळे कोणाचे नुकसान झाले, त्याच्या कृत्यावर पांघरूण घालावे असेही नाही. पण तो एक दिवस सुटून याच वाडीत परत येणार आहे. तो कसा माणूस होऊन येतो, हे बऱ्याच अंशी मधल्या वर्षांत त्याला कोणी विचारले की नाही यावर ठरते. आपल्या वाडीत असे एखादे घर असेल तर त्यांच्या मुलांना शाळेत टोचून बोलू नये. म्हातारीला पत्र लिहिता येत नसेल तर आपल्या विद्यार्थ्यांनी ते लिहून द्यावे. शिकल्याचा याहून सोपा उपयोग तो कोणता?