सैबेरियाचा वारा आणि निसेकोचा बर्फ

निसेको-आन्नुपुरी या डोंगराची उंची फक्त १३०८ मीटर. जपानच्या होक्काइदो बेटावरचा हा डोंगर ज्या अक्षांशावर उभा आहे, जवळपास त्याच अक्षांशावर फ्रान्सचं मार्सेय हे उबदार बंदर आहे. तरीही दर हिवाळ्यात इथे साधारण पंधरा मीटर बर्फ पडतो, आणि तोही इतका हलका, की ओंजळीत घेऊन फुंकर मारली तर उडून जावा! स्कीइंग करणारे याला ‘पावडर’ म्हणतात आणि त्याच्यासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाहून येतात. इथल्या सहलीचा बेत आखताना हॉटेलच्याही आधी वारा समजून घ्यावा, कारण तारीख काय, कुठल्या उतारावर जायचं, सगळं शेवटी तोच ठरवतो.

हिवाळ्यात सैबेरियावर थंड, जड हवा साचते. तिथून सुटलेला वारा कोरडा आणि हाडं गोठवणारा असतो. वाटेत त्याला जपानचा समुद्र लागतो, आणि त्यात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह आलेला असतो. पाणी गोठणबिंदूच्या वर, वारा कितीतरी खाली. समुद्राची वाफ त्या तहानलेल्या हवेत शिरते. उपग्रहाच्या छायाचित्रात हे अक्षरशः दिसतं: रशियाच्या किनाऱ्यालगत समुद्रावर आकाश मोकळं, थोडं पुढे ढगांचे बारीक धागे, आणि जपान येईपर्यंत त्यांच्या जाडजूड पांढऱ्या रांगा. मग पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात तसे हे होक्काइदोच्या डोंगरांना अडतात, वर चढतात आणि रिते होतात. मधला एवढासा समुद्र नसता, तर निसेकोच्या वाट्याला नुसती कोरडी थंडी आली असती.

पण हा बर्फ एवढा हलका का? याच्या उत्तराची वाट सापोरोतल्या एका प्रयोगशाळेतून जाते. तिथल्या विद्यापीठात उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञानं १९३६ साली जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, तोही सशाच्या केसाच्या टोकावर. तापमान आणि बाष्प बदललं की स्फटिकाचा आकार बदलतो, हे त्यानं दाखवून दिलं. उणे पंधरा अंशांच्या आसपास, भरपूर बाष्प असेल तर सहा फांद्यांचे, पिसांसारखे स्फटिक तयार होतात. ते एकमेकांवर पडतात तेव्हा फांद्यांच्या मध्ये हवा अडकते. ताज्या पावडरीचा बहुतेक भाग हवाच असतो. म्हणूनच त्यातून स्की सरकताना तळ लागत नाही असं वाटतं.

भरपूर पावडर हवी तर जानेवारी-फेब्रुवारी. मात्र बर्फ आणणारा वाराच ढगही आणतो. समोरचा १८९८ मीटर उंचीचा योतेई डोंगर दिवसेंदिवस दिसत नाही, आणि वारा वाढला की वरच्या लिफ्ट बंद होतात. अशा वेळी खालच्या भूर्जवृक्षांच्या रानातले उतार उत्तम. तिथे एकट्यानं मात्र मुळीच जाऊ नये: झाडाच्या बुंध्याभोवती बर्फाखाली पोकळी राहते आणि तीत पडलेला माणूस स्वतःहून बाहेर येऊ शकेलच असं नाही. रिसॉर्टच्या हद्दीबाहेर जायला ठरावीक फाटकं आहेत. फाटक बंद असेल तर तो निर्णय मुकाट मानावा. पहिल्यांदाच स्की बांधणाऱ्यांनी तर पावडरीचा मोह बाजूला ठेवून यंत्रानं दाबून सपाट केलेल्या सौम्य उतारांवर प्रशिक्षकाकडून शिकावं. मऊ, खोल बर्फात तोल सांभाळणं नवख्याला फार जड जातं. लख्ख ऊन आणि योतेईचं दर्शन हवं असेल, तर मार्च बरा.

न्यू चितोसे विमानतळावरून निसेकोला बसनं साधारण अडीच-तीन तास लागतात. जोराच्या हिमवृष्टीत रस्तेही अडतात आणि विमानंही, म्हणून परतीच्या आधी एक दिवस सापोरोत मोकळा ठेवावा. होक्काइदो विद्यापीठाच्या आवारात, जिथे नाकायाची प्रयोगशाळा होती, तिथे त्या पहिल्या स्फटिकाचं षट्कोनी स्मारक आहे. ते जरूर पाहावं.