मानव आणि उंदीर यांच्या गुणसूत्रांवरील जनुकस्थाने : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :
मानवी विकारांच्या अभ्यासासाठी उंदराचा प्रतिरूप म्हणून सर्रास उपयोग केला जातो. हा उपयोग कितपत ग्राह्य मानावा, हे ठरविताना दोहोंत कोणती जनुके समान आहेत एवढे पाहून भागत नाही. ती गुणसूत्रांवर कोठे आहेत, हेही पाहावे लागते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

जनुकांचा शेजार :
मानवात गुणसूत्रांच्या २३, तर उंदरात २० जोड्या असतात. दोहोंचा समान पूर्वज सुमारे साडेसात ते नऊ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. तेव्हापासून गुणसूत्रे अनेकदा तुटून निराळ्या प्रकारे जोडली गेली. तथापि खंडांच्या आतील जनुकांचा शेजार पुष्कळसा टिकून राहिला. यास संरक्षित सिंटेनी म्हणतात. १९८४ मध्ये नाडो व टेलर यांनी, त्या वेळी ज्ञात असलेल्या मोजक्या जनुकांवरून, अशा खंडांची संख्या सुमारे १८० असावी असे अनुमान केले. २००२ मध्ये उंदराच्या जीनोमचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा ३४२ खंड आढळले व दोन्ही जीनोमांचा ९० टक्क्यांहून अधिक भाग त्यांत सामावला.

मात्र प्रत्येक शेजार टिकलेला नाही. उंदरातील वर्णहीनता व गुलाबी डोळे ही लक्षणे बहुधा एकत्रच पुढील पिढीत जातात, असे हॉल्डेन व सहकाऱ्यांनी १९१५ मध्ये दाखविले. त्यांची जनुके उंदराच्या ७व्या गुणसूत्रावर आहेत. मानवात मात्र त्यांपैकी एक ११व्या, तर दुसरे १५व्या गुणसूत्रावर आहे.

डाऊन सिंड्रोमचे उदाहरण :
मानवात २१व्या गुणसूत्राची तिसरी प्रत असल्यास डाऊन सिंड्रोम उद्भवतो, हे १९५९ पासून ज्ञात आहे. या गुणसूत्रावरील जनुकांची प्रतिरूपे उंदरात १०, १६ व १७ या तीन गुणसूत्रांवर विभागलेली आहेत. म्हणून उंदराच्या एकाच गुणसूत्राची प्रत वाढवून हा विकार हुबेहूब घडविता येत नाही. दीर्घकाळ वापरात असलेल्या टीएस६५डीएन या वाणात १६व्या गुणसूत्राचा काही भाग जादा असतो. परंतु त्याला १७व्या गुणसूत्राचा असा तुकडा जोडलेला आहे, की ज्यातील जनुकांचा मानवी २१व्या गुणसूत्राशी संबंध नाही. हे २०११ मध्ये स्पष्ट झाले. साहजिकच, या वाणात दिसलेले लक्षण वा गुणकारी ठरलेले औषध मानवाला जसेच्या तसे लागू करता येत नाही. तत्पूर्वी २०१० मध्ये तिन्ही समरूप प्रदेशांच्या जादा प्रती असलेला उंदीर तयार करण्यात आला होता.

समारोप :
‘मानव व उंदीर यांची जनुके बहुतांशी सारखी आहेत’ हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. कोणती जनुके, कोणत्या गुणसूत्रावर आणि कोणाच्या शेजारी, हे प्रश्न अध्यापनातही त्याला जोडले गेले पाहिजेत; प्रयोगाच्या निष्कर्षाची मर्यादा त्यांवरूनच ठरते.