माणसं सांभाळणंही शिकता येतं

चांगलं कोड लिहिणाऱ्या सॉफ्टवेअर अभियंत्याला बढती मिळते आणि तो एका दिवसात आठ-दहा जणांचा ‘टीम लीड’ होतो. पद बदलतं, पण माणसांशी कसं वागायचं हे कोणी शिकवत नाही. मग कुरबुरी सुरू झाल्या की ‘हे उपजतच असावं लागतं’ असं म्हणून विषय संपवला जातो.

हा प्रश्न आरोग्याचाही आहे. आपल्या कामावर आपला ताबा नाही असं वाटणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचं लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात दिसून आलं. तो ताबा किती मिळणार, हे बऱ्याच अंशी वरिष्ठाच्या वागण्यावर ठरतं.

मग हे शिकवता येतं का? आधी वैमानिकांचं उदाहरण पाहू. तेही तांत्रिक कामात मुरलेले. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडजवळ एक विमान इंधन संपून कोसळलं आणि दहा जण दगावले. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. सहकाऱ्यांना इंधन घटताना दिसत होतं, पण ते ठामपणे सांगू शकले नाहीत. कमी ज्ञानाची नव्हती, बोलण्याची आणि ऐकण्याची होती. १९७९ मध्ये ‘नासा’ने या विषयावर कार्यशाळा घेतली. पुढे कनिष्ठाने धोका स्पष्ट सांगणं आणि वरिष्ठाने तो ऐकून घेणं हा वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा भाग झाला.

वैद्यकीय शिक्षणातही २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हे विषय रीतसर आले. पण नुसत्या व्याख्यानाने संवाद येत नाही. टाके घालणं जसं हाताने शिकावं लागतं, तसंच हेही. विद्यार्थी नातेवाइकांना वाईट बातमी सांगण्याचा सराव करतो, शिक्षक पाहत असतात. नंतर ‘तू नीट बोलला नाहीस’ एवढंच सांगून उपयोग नसतो. ‘त्या रडू लागल्या तेव्हा तू फाइलमध्ये पाहत होतास’ असं सांगितलं, की पुढच्या वेळी मान वर होते.

गूगलनेही आपल्याच व्यवस्थापकांचा अभ्यास केला. चांगल्या व्यवस्थापकाच्या आठ सवयींची यादी निघाली. तीत सहकाऱ्याला शिकवणं, घडवणं सर्वांत वर होतं. तांत्रिक कौशल्य आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर. यादीतल्या बहुतेक गोष्टी स्वभावाच्या नव्हे, सरावाच्या होत्या.

मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. अबोल माणूस बडबड्या होणार नाही, त्याची गरजही नाही. मात्र आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी वीस मिनिटं बोलणं, मधेच न तोडणं, चूक चारचौघांत न काढणं हे त्यालाही जमतं. हॉटेलातल्या एक दिवसाच्या कार्यशाळेने हे साधत नाही. आणि कंपनी जर फक्त डेडलाइनच मोजत असेल, तर शिकलेलंही महिन्याभरात विसरलं जातं.

नव्याने टीम लीड झालेल्यांनी आपल्याला हे जमत नाही म्हणून खचून जाऊ नये. प्रशिक्षण मागावं, आणि ‘माझी कोणती सवय बदलू?’ असं सहकाऱ्यांना विचारावं. झोप उडाली असेल, छातीत धडधड होत असेल किंवा रक्तदाब वाढला असेल, तर मात्र प्रशिक्षणाची वाट न पाहता आधी डॉक्टरांना गाठावं.